शिवडीच्या थडग्यावर फक्त 'विल्टशर' लिहिलंय, मूळ गाव कसं शोधायचं?

गिरगाव_ट्राम

नमस्कार. सासूबाईंच्या पणजोबांचं मूळ गाव शोधायचं आहे. ते जीआयपी रेल्वेत (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आताची मध्य रेल्वे) फिटर होते. हातात कागद दोनच.

पहिला, भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीची नक्कल. तारीख १२ नोव्हेंबर १८६६. नाव विल्यम, वय २६, अविवाहित, धंदा फिटर, वडिलांचं नाव थॉमस. वडिलांचा धंदा किंवा गाव काहीच नाही. दुसरा म्हणजे शिवडीच्या दफनभूमीतल्या दगडाचा फोटो : मृत्यू ३ मार्च १८८९, वय ४९, खाली 'विल्टशर, इंग्लंड'. आडनाव इथे टाकत नाही, पण तिकडे ते आपल्या पाटील-जाधवांइतकं सर्रास आहे असं धरून चाला.

वंशावळीच्या एका साइटवर नाव टाकल्याबरोबर विल्टशरमधला १८४० चा बाप्तिस्मा समोर आला. वडील थॉमसच. त्याला कुणीतरी जोडलेला वंशवृक्ष थेट १५९० पर्यंत पोचतो. हा सरळ घ्यावा का? नसेल तर शोधाचा क्रम काय ठेवायचा, मुंबईत बसून किती काम होतं, आणि तिथल्या चर्चला पत्र लिहून काही हाती लागतं का?

लोको_परळ

तो वंशवृक्ष तूर्त मिटून ठेवा. साइटने नाव, साल आणि परगणा जुळवला आहे. माणूस जुळवायचं काम तुमचं.

त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडे गेलात तर पहिला प्रश्न येतो, 'मूळ गाव कोणतं?' गाव सांगितल्याशिवाय वही उघडत नाही. इंग्लंडातही तसंच. तिथल्या वह्या पॅरिशवार आहेत. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, एखादं गाव आणि भोवतालच्या दोन-चार वाड्या. विल्टशरमध्ये अशा पॅरिश शेकड्यांनी आहेत. त्यामुळे पॅरिशच्या वहीत शिरण्याआधी पॅरिशचं नाव दुसऱ्या कागदातून काढायचं, आणि तुमच्या बाबतीत ते निघण्यासारखं आहे.

आधी वयाचा हिशेब. १२ नोव्हेंबर १८६६ ला २६ पूर्ण, म्हणजे जन्म १३ नोव्हेंबर १८३९ ते १२ नोव्हेंबर १८४० च्या दरम्यान. ३ मार्च १८८९ ला ४९ पूर्ण, म्हणजे ४ मार्च १८३९ ते ३ मार्च १८४०. दोन्ही खरं धरलं तर उरतात नोव्हेंबर १८३९ ते मार्च १८४० हे चार महिने. आता हे चार महिने लक्षात ठेवा, पण शोध मात्र दोन वर्षं अलीकडे-पलीकडे करा. लग्नात वय नवरदेव सांगतो, थडग्यावरचं वय रडणारं माणूस सांगतं.

इंग्लंडात १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. म्हणजे तुमचा विल्यम चर्चच्या वहीत असेल तसा सरकारी यादीतही असायला हवा. जनरल रजिस्टर ऑफिस, म्हणजे तिथल्या सरकारी जन्म-मृत्यू कचेरीच्या साइटवर खातं काढलं की सूची फुकट बघता येते, आणि तिच्यात १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. फ्रीबीएमडी या दुसऱ्या फुकट साइटच्या सूचीत ते सप्टेंबर १९११ च्या आधी मिळत नाही, म्हणून इथे सरकारी सूचीच वापरा. नोंद जन्मानंतर ४२ दिवसांत करायची असे आणि सूची तिमाहीवार आहे. त्यामुळे तुमच्या चार महिन्यांसाठी डिसेंबर १८३९, मार्च १८४० आणि जून १८४० अशा तिन्ही तिमाह्या बघा. जिल्ह्याच्या नावाने फसू नका. रॅम्सबरी गाव विल्टशरमध्ये, पण नोंदणी जिल्हा हंगरफर्ड, आणि हंगरफर्ड शहर बर्कशरचं. एक अडचण आणखी : १८७५ पर्यंत नोंद न करणाऱ्याला धाक असा नव्हता, म्हणून खेड्यातली काही पोरं यादीत सापडतच नाहीत. नाव नाही म्हणजे जन्म नाही, असं धरू नका.

मग जनगणना. १८४१ ची (६ जून) आपल्या कामाला अर्धवट. पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली, नाती लिहिलेली नाहीत, आणि जन्मगावाच्या जागी 'याच परगण्यात : हो किंवा नाही' एवढंच. १८५१ ची (३० मार्च) मात्र सोन्याची. घरप्रमुखाशी नातं, वय, धंदा आणि जन्माची पॅरिश, सगळं आहे. विल्टशरमध्ये जन्मलेला, दहा-अकरा वर्षांचा, बापाचं नाव थॉमस, असे सगळे विल्यम १८५१ मध्ये वेचून काढा. सूची फॅमिलीसर्च या साइटवर फुकट दिसते, मूळ पानाची प्रतिमा बहुधा पैसे भरून.

नंतर १८६१ (७ एप्रिल). फिटर आणि विल्टशर म्हटल्यावर पहिली नजर स्विंडनकडे जायला हवी. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा तिथला कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला आणि आसपासच्या गावांतली पोरं तिकडे कामाला लागली. ग्रेट वेस्टर्नच्या नोकरांच्या नोंदी लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रेल २६४ या मालिकेत आहेत, प्रतिमा अँसेस्ट्री या वर्गणीच्या साइटवर. आणि विल्यम फिटर होण्याआधी गोऱ्या पलटणीत असेल, तर तिथल्याच डब्ल्यूओ ९७ या मालिकेतले सेवामुक्तीचे कागद बघा. त्यांत जन्माची पॅरिश आणि जवळचं शहर लिहायची रीतच होती.

शेवटचं, मुंबईकडचं काम पूर्ण करा. तुमच्याकडची नक्कल बहुतेक लंडनला पाठवलेल्या प्रतीची असणार. इथल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं दरसाल लंडनला जात. मुंबई इलाख्याचे ते खंड ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या क्रमांकाखाली आहेत, प्रतिमा फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या साइटवर, आणि बरीचशी सूची 'फिबिस' या संस्थेच्या साइटवर फुकट. ती कारकुनाने उतरवलेली नक्कल. सही आणि साक्षीदारांची अक्षरं बघायची तर चर्चमधली मूळ वही. विल्यमच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे काढा आणि त्यांची मधली नावं टिपून ठेवा. का, ते पुढे कळेल.

मोडीवाली

लोको_परळ यांनी क्रम बरोबर सांगितला. मी वह्यांबद्दल सांगते, कारण माणसं फसतात ती वहीच्या पानावर.

प्रत्येक काळातल्या वहीने काय लिहायचं होतं आणि काय नाही, हे आधी ठाऊक हवं. नाहीतर जे कधी लिहिलंच नाही तेच शोधत बसतो. नोंदी ठेवायचा हुकूम निघाला १५३८ मध्ये, थॉमस क्रॉमवेलच्या सहीने. सुरुवातीला कागदावर लिहीत. १५९८ मध्ये चर्मपत्राच्या वह्या करा, जुनं त्यांत उतरवा आणि दरवर्षी एक प्रत बिशपकडे धाडा असा हुकूम आला. म्हणून १५३८ ते १५९८ चं पान एकाच हातात, एकाच शाईत दिसलं तर ती नक्कल आहे हे समजा. १६४२ ते १६६० हा यादवी युद्ध आणि राजाविनाचा काळ, त्यात वह्या कोरड्या पडतात. १५९० पर्यंत सलग जाणारा एखाद्या मजुराचा वंशवृक्ष ही अठरा वर्षं कशी ओलांडतो, एवढं एकच तपासा.

लग्नाच्या छापील नमुन्याच्या वह्या मार्च १७५४ पासून. त्यात नवरा, नवरी, दोघांची पॅरिश, सह्या आणि साक्षीदार मिळतात. बापांची नावं नाहीत, वयही नाही. ती दोन्ही १ जुलै १८३७ पासूनच्या लग्नांत. म्हणजे विल्यमचे आईवडील १८३७ आधी लागलेले असतील तर लग्नाची नोंद तुम्हाला आजोबांकडे नेणार नाही, तिथे वळण घ्यावं लागेल.

बाप्तिस्मा आणि दफनाचे छापील नमुने १ जानेवारी १८१३ पासून. पानाला आठ नोंदी. बाप्तिस्म्याच्या रांगेत डावीकडून तारीख, बाळाचं नाव, आईबापांची नावं, आडनाव, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, पाद्र्याची सही. आईचं माहेर नाही. दफनात नाव, ठिकाण, तारीख, वय. १८१३ च्या आधी बहुतेक खेड्यांत एकच ओळ : 'जॉन आणि मेरी यांचा मुलगा थॉमस, बाप्तिस्मा मे १०'. संपलं. १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स स्टँपकर होता, गरिबाला माफी. त्या वर्षांत नावासमोर 'पी' दिसला तर तो गरीब. सूट मिळावी म्हणून 'पी' लावून घेणारेही होते, तेव्हा त्या एका अक्षरावर घराण्याची सांपत्तिक स्थिती ठरवू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ वर्षाचा. १७५२ पर्यंत तिकडे वर्ष २५ मार्चला बदलायचं. समजा लग्न ९ जून १७४० आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा ३ फेब्रुवारी १७४०. नवखा माणूस म्हणतो, लग्नाआधीच मूल! पण तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७४१ चा, लग्नानंतर जवळजवळ आठ महिन्यांनी. (आठच का, असं विचारू नये.) टिपणात अशी तारीख १७४०/१ अशी दुहेरी लिहा. आणि १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर येतो, मधली पानं फाटलेली नाहीत.

अक्षर : मोडी शिकतो तसंच शिकायचं. आपली नोंद शोधण्याआधी त्याच पाद्र्याच्या हातच्या वीस-तीस नोंदी वाचा, महिन्यांची नावं आणि नेहमीची नावं ओळखीची करून घ्या, त्यांवरून त्याचे एस, एल, टी, एफ पक्के करा. शब्दात मध्ये येणारा लांब एस हा एफसारखा दिसतो. सुरुवातीला दोन लहान एफ म्हणजे एक मोठा एफ. १७३३ पर्यंत काही वह्या लॅटिनमध्ये. तिथे 'जेकोबस' दिसला तर तो बहुधा जेम्स, 'गुलिएल्मस' म्हणजे विल्यम. सूची बनवणाऱ्यांनी जेकोबसचा जेकब केलेला मी पुष्कळदा पाहते.

आडनाव पाद्री कानाने लिहायचा. त्या भागात शब्दाच्या सुरुवातीचा ह गिळतात, फ चा व्ह आणि स चा झ होतो. शोधताना सुरुवातीच्या अक्षरातही बदल करून बघा, फक्त शेवटी तारांकन लावून भागत नाही. आणि मूळ प्रतिमा पाहिल्याशिवाय सूचीतलं काहीही वहीत उतरवू नका.

वडाळा_४०८

चर्चला पत्राबद्दल थोडक्यात. व्हिकरला, म्हणजे तिथल्या पाद्र्याला, जुन्या नोंदींसाठी लिहू नका. १९७८ च्या कायद्यानंतर भरलेल्या आणि शंभरावर वर्षं झालेल्या वह्या परगण्याच्या अभिलेखागारात गेल्या. विल्टशरसाठी ते चिपनमला आहे, विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटर. व्हिकरही आता एकेका गावाचा नसतो, पाच-सहा गावं मिळून एक. लहान गावात १८१३ च्या दफनवहीची पानं विसाव्या शतकातही संपलेली नव्हती, त्यामुळे अपवादाने एखादी वही उशिरा जमा झालेली असते. वहीचा कालखंड आधी अभिलेखागाराच्या सूचीत पाहावा.

विल्टशरच्या चर्चवह्यांच्या प्रतिमा अँसेस्ट्रीवर आहेत. वर्षाची वर्गणी लगेच भरू नका. आधी फुकट सूचींतून सगळे संशयित गोळा करा, मग एक महिना घ्या आणि त्या महिन्यात सगळं उतरवून घ्या. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे ना, ते आधी बघा. आणि वर्गणी आपोआप पुढे वाढते, ती त्याच दिवशी बंद करून ठेवा. तरी महिनाभर चालते.

जन्माच्या दाखल्यासाठी छापील सर्टिफिकेट मागवू नका. सरकारी साइटवर इतक्या जुन्या जन्मांची डिजिटल प्रतिमा बऱ्याच कमी पैशांत लगेच उघडते.

गिरगाव_ट्राम

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे संशयित काढले. तीन उरले, तिघांचेही वडील थॉमस.

अ गाव : बाप्तिस्मा १९ जानेवारी १८४०, आई ॲन, वडील मजूर. साइटचा वंशवृक्ष याच्यावर आहे.
ब गाव : बाप्तिस्मा १ मार्च १८४०, आई एलिझाबेथ, वडील लोहार.
क गाव : बाप्तिस्मा जुलै १८४२, आई सेरा, वडील मजूर. त्याच दिवशी आणखी दोन भावंडांचा.

तारखेने अ, धंद्याने ब. क चं साल जुळत नाही म्हणून सोडून द्यावा असं वाटतं. लोहाराचा पोरगा फिटर होणं पटतं, नाही का?

लोको_परळ

पटतं, म्हणूनच धोका. कुणालाही पटलं म्हणून घेऊ नका आणि क ला तर मुळीच सोडू नका. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. त्याच दिवशी तीन भावंडं ओळीने, म्हणजे आईबापांनी पोरं साठवून एकदम नेली. नवा पाद्री आला, किंवा कुणी आजारी पडलं, की असं व्हायचं. त्या ओळीच्या समासात पाद्र्याने जन्मतारीख किंवा वय बारीक अक्षरात टाकलंय का, हे प्रतिमेत बघा. सूचीत समास उतरवत नाहीत.

आता तिघांना पुढे चालवत न्यायचं. एकेकाला विचारायचं : हा नोव्हेंबर १८६६ ला भायखळ्यात उभा असू शकतो का? अ साठी अ गावाची दफनवही १८४० पासून पुढे वाचा, किमान दहा वर्षं. लहानपणी गेलेल्या मुलांचा छडा दुसरीकडे सहसा लागत नाही. ब साठी १८६१ आणि १८७१ ची जनगणना. क साठी १८५१ चं वय आणि १८६१ चा ठावठिकाणा. आणि तिघांसाठी सरकारी सूचीतलं आईचं माहेरचं आडनाव.

गिरगाव_ट्राम

बघितलं.

अ : एप्रिल १८४१ मध्ये त्याच गावात दफन, वय १ वर्ष.
ब : १८६१ मध्ये बापाच्या भट्टीवर, १८७१ मध्ये त्याच गावात लोहार, बायको आणि तीन मुलं.
क : १८५१ मध्ये वय ११, जन्म क गाव. १८६१ मध्ये स्विंडनला भाडेकरू, वय २१, इंजिन फिटर, जन्म क गाव. १८७१ मध्ये इंग्लंडात सापडत नाही. बाप्तिस्म्याच्या समासात खरंच 'जन्म डिसें. १८३९' आहे!

आणि मुलांची मधली नावं काढायला का सांगितलंत ते कळलं. भायखळ्यात बाप्तिस्मा झालेल्या दुसऱ्या मुलाचं मधलं नाव आणि सरकारी सूचीत क च्या आईचं माहेरचं आडनाव एकच आहे.

लोको_परळ

झालं. एक वर्षाचं असताना दफन झालेल्या बाळाला तो वंशवृक्ष पंचवीस वर्षांनी भायखळ्यात बोहल्यावर चढवत होता.

वयं पडताळून घ्या : ३० मार्च १८५१ ला ११ म्हणजे ३१ मार्च १८३९ ते ३० मार्च १८४०. ७ एप्रिल १८६१ ला २१ म्हणजे ८ एप्रिल १८३९ ते ७ एप्रिल १८४०. डिसेंबर १८३९ दोन्हींत बसतो, आणि तुमच्या चार महिन्यांतही. धंदा जुळला, १८६१ नंतर इंग्लंडातून गायब हे जुळलं, मधलं नाव जुळलं. ब ला काढून टाकणारा कागद मात्र तितकाच जपून ठेवा. पुढे कुणी लोहाराची गोष्ट घेऊन आलं की तो दाखवायचा.

गिरगाव_ट्राम

आता आईवडिलांचं लग्न. १८५१ मध्ये सगळ्यात मोठी मुलगी १७ वर्षांची, म्हणजे लग्न १८३३ च्या आगेमागे. क गावाच्या लग्नवहीत १८२५ ते १८३७ काही नाही. थॉमसचं जन्मगाव १८५१ मध्ये क लिहिलंय, पण १८६१ मध्ये ड! क गावात त्याचा बाप्तिस्माही नाही. अडकलो.

मोडीवाली

लग्न बहुधा नवरीच्या गावी लागतं, तिथेही. पण लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकारा व्हायचा, आणि नवरा-नवरीची पॅरिश वेगळी असली तर दोन्हीकडे. त्या पुकाऱ्यांची वही वेगळी असते, बॅन्सची. क गावाची बॅन्सवही उघडा. त्यात 'या पॅरिशचा थॉमस आणि अमुक पॅरिशची सेरा' असं मिळालं की नवरीचं गाव घरबसल्या कळलं. पुकारा झाला म्हणजे लग्न लागलंच असं नाही, म्हणून नंतर त्या गावची लग्नवही बघायचीच. बॅन्सवही हरवली असेल तर १८५१ मध्ये सेराचं जन्मगाव काय लिहिलंय ते बघा आणि तिथून सुरू करा.

फॅमिलीसर्चवर १८५१ च्या पॅरिशच्या हद्दींचा नकाशा आहे, त्यात एका पॅरिशपासून अमुक मैलांतल्या सगळ्या पॅरिशची यादी निघते. मजुराच्या लग्नासाठी पाच मैल आधी, मग दहा. शनिवारी काम सुटल्यावर माणूस चालत जाऊन परत येईल एवढंच अंतर.

साक्षीदारांची नावं उतरवून घ्या, पण तेच नाव बारा लग्नांत दिसलं तर तो चर्चचा सेवक, भाऊ-बीऊ नाही.

पेटीतले_कागद

जन्मगाव दोन ठिकाणी वेगळं, यात खोटं कुणी बोललेलं असेलच असं नाही. पण थॉमस मजूर आहे, दोन गावांत हेलपाटतोय, बाप्तिस्मा सापडत नाही. अशा वेळी चर्चवही बाजूला ठेवून चर्चमधली पेटी उघडायची. तीन कुलुपांची ती पेटी, किल्ल्या पाद्री आणि चर्चचे दोन कारभारी (वॉर्डन) यांच्याकडे. तिच्यातले कागद आता चिपनमलाच आहेत, सूचीत पॅरिशच्या नावाखाली 'ओव्हरसीअर' (गरिबांच्या मदतीचं बघणारा पॅरिशचा माणूस) शोधा.

कारण असं. १६६२ च्या कायद्याने प्रत्येक गरिबाला एक हक्काची पॅरिश होती. पोटाला नसेल तर तिनेच पोसायचं. सगळ्या गावांचं लक्ष एकाच गोष्टीवर : हा दुसऱ्याच्या गळ्यात कसा बांधता येईल! त्या भांडणातून कागद जन्मले आणि म्हणून मजुराबद्दल जमीनदारापेक्षा जास्त माहिती मिळते कधीकधी. दोन मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर जबानी घेत : कुठे जन्मलास, बाप कुठला, कुठे वर्षभर चाकरी केलीस, किती पगारावर, लग्न कुठे झालं, मुलं किती आणि त्यांची वयं. एका पानात अर्धं आयुष्य. जबानीवरून हकालपट्टीचा हुकूम निघे, कुटुंबाला हक्काच्या गावी पोचवून देत. तो हुकूम दोन प्रतींत असतो, ज्या गावाने हाकललं त्याच्याकडे आणि ज्याने घेतलं त्याच्याकडे. म्हणून क आणि ड दोन्ही गावांचे कागद बघा. एकाकडची प्रत उंदराने खाल्ली तरी दुसरी राहिलेली असते.

हक्क मिळायचे मार्ग : बापाचा हक्क, अविवाहित असताना एकाच गावात सलग वर्षभर चाकरी, उमेदवारी, वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा. बायकोला नवऱ्याची पॅरिश. चाकरीने हक्क मिळू नये म्हणून शेतकरी ५१ आठवड्यांवर गडी सोडत, हेही जबान्यांत दिसतं. १८३४ नंतर चाकरीचा मार्ग बंदच झाला. अनौरस मूल मात्र १८३४ पर्यंत जिथे जन्मेल तिथलं. त्यामुळे गरोदर अविवाहित बाईला हद्दीबाहेर ढकलायचे, आणि मूल झालंच तर बापाचं नाव वदवून घेऊन त्याच्याकडून खर्चाचा बाँड लिहून घ्यायचे. थॉमसच्या बाप्तिस्म्यात फक्त आईचं नाव असेल, म्हणजेच तो आईच्या आडनावाने नोंदलेला असेल, तर क मध्ये न सापडण्याचं कारण तेही असू शकतं. ड गावात १८०५ ते १८१३ मध्ये सगळे थॉमस आडनाव न बघता वाचा. गाव लहान असेल तर तासाभराचं काम.

दुसरी शक्यता, घर बॅप्टिस्ट किंवा मेथडिस्ट. विल्टशरमध्ये हे लोक पुष्कळ. १७५४ ते १८३७ त्यांनाही लग्न सरकारमान्य चर्चमध्येच करावं लागे, त्यामुळे लग्न चर्चवहीत आणि मुलांच्या नोंदी चॅपलच्या वहीत असं दुभंगलेलं दिसतं. बॅप्टिस्ट तर बाळाचा बाप्तिस्मा करतच नाहीत, त्यांच्या वहीत जन्म लिहिलेला असतो. १८३७ नंतर या वह्या सरकारने मागवून घेतल्या, क्यूला आरजी ४ या मालिकेत आहेत.

घर नेमकं कुठे होतं ते हवं असेल तर टाइदचा (चर्चला द्यायच्या पिकाच्या दहाव्या हिश्शाचा) नकाशा बघा, १८३६ च्या कायद्यानंतरचा. नकाशावर शेतांचे आकडे, सोबत तक्ता : मालक, कूळ, शेताचं नाव, पीक, क्षेत्र. क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये. आपल्या हिशेबाने चार रूडांचा एकर, म्हणजे रूड दहा गुंठ्यांचा, आणि चार पर्चचा एक गुंठा. '०-०-१२' अशी झोपडी आणि बाग म्हणजे तीन गुंठे. मजूर असला तरी झोपडीचा कूळ म्हणून त्याचं नाव तक्त्यात येतं, निदान शोधावं तरी.

गिरगाव_ट्राम

बॅन्सवहीत मिळालं! ऑक्टोबर १८३२, सेरा ड गावची. ड च्या लग्नवहीतही आहे, दोघांनी सहीच्या जागी फुली मारली आहे. थॉमसचा बाप्तिस्मा ड मध्ये अजून नाही. १८०७ ते १८०९ ची पानं ओल लागून गेली आहेत.

मोडीवाली

मग बिशपकडे धाडलेली प्रत. दरवर्षी ईस्टरच्या सुमारास आदल्या वर्षाची नक्कल जायची, म्हणजे १८०८ च्या नोंदी दोन वेगवेगळ्या पानांवर असू शकतात, दोन्ही मागवा. विल्टशरच्या त्या प्रतीही चिपनमलाच आहेत. मेलमध्ये पॅरिश, 'बिशप्स ट्रान्स्क्रिप्ट', १८०७ ते १८१०, आणि फक्त बाप्तिस्मे एवढं लिहा. अख्ख्या घराण्याचा इतिहास लिहिलात तर तुमचं पत्र ढिगाच्या तळाशी जाईल.